रिक्षा थंड, घरकाम बंद, हातात १४,००० : आधी काय भरायचं, काय थांबवायचं?

पागोळी (१२ मे २०२१; पुढे उत्तर देणारे तोलकाटा, पोचपावती, चौथरा ही टोपणनावं, आणि सगळे भाव, नियम, योजना तेव्हाच्या)

कल्याणमधल्या चाळीतल्या एका घराचा हिशेब मांडते. वस्तीत आज कित्येक घरांची हीच गत आहे, म्हणून नमुना धरून बोलू.

माणसं पाच. रिक्षावाला (रिक्षा आणि परमिट दोन्ही त्याच्याच नावावर), तीन घरी धुणीभांडी करणारी बायको, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या ६२ वर्षांच्या सासूबाई. १४ एप्रिलपासून कोरोनाचे निर्बंध लागले. रिक्षात दोन प्रवासी चालतात, पण स्टेशनबाहेर माणूसच नाही. गॅसचे पैसे वजा जाता महिन्याला ३,००० सुटतील. दोन सोसायट्यांनी कामवाल्यांना गेटवर अडवलंय, एका घरचे २,००० चालू आहेत. म्हणजे २२,५०० वरून थेट ५,००० वर.

जाणारे पैसे असे: खोलीभाडं ४,५००, रिक्षाचा हप्ता ६,२०० (१,६०,००० बाकी, व्याज १४ टक्के, फायनान्स कंपनी), बायकांच्या गटावर घेतलेल्या मायक्रोफायनान्सचा हप्ता २,१५०, भिशी १,०००, लाइटबिल ९००. किराणा, भाजी, गॅस, औषध वेगळं. हातात १४,०००. मंगळसूत्र ११ ग्रॅमचं. रेशनकार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे, पण धाकट्याचं नाव चढवलेलं नाही.

हप्तेवाल्यांचे फोन रोज येतात, त्यामुळे घरात असेल नसेल ते आधी तिकडे जातं आणि किराणा उधारीवर येतो. क्रम कसा लावायचा, आकड्यांत सांगा.

तोलकाटा

आधी सगळा खर्च एका कागदावर दिवसांत मांडा. पैसे किती आहेत यापेक्षा ते किती दिवस पुरतील हा प्रश्न आहे.

खाण्यापासून सुरुवात. पाच माणसांना महिन्याला साधारण ४५ किलो धान्य लागतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो नियमित आणि मे-जून २०२१ साठी गरीब कल्याण योजनेचं माणशी ५ किलो फुकट. चार नावांवर ४० किलो झालं: २४ किलो गहू, १६ किलो तांदूळ. नियमित धान्यही एका महिन्यापुरतं राज्याने मोफत जाहीर केलंय, आणि विकत घ्यावं लागलं तरी २०२१ च्या भावाने गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये, म्हणजे २० किलोचे ४८ रुपये. धान्यावर खरं तर काहीच खर्च नाही. तरीही बरीच घरं दुकानातून अर्धंच घेऊन येतात, कारण नियमित आणि मोफत धान्याच्या नोंदी वेगवेगळ्या होतात, अंगठा दोनदा लागतो, पावत्या दोन निघतात. एक पावती घेऊन घरी आलात तर निम्मं धान्य दुकानातच राहिलं. संसर्गाच्या भीतीने दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप करायची सवलत असते तेव्हा तर जास्त डोळ्यांत तेल घालून पाहा. कार्डाचा १२ अंकी नंबर टाकून ई-पॉसच्या (रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या) संकेतस्थळावर आपल्या नावे किती किलो उचललं ते दिसतं. फरक आढळला तर पुरवठा निरीक्षकाकडे लेखी द्या आणि १९६७ वर तक्रार नोंदवा.

धाकट्याचं नाव आजच टाकायला द्या. जन्मदाखला, आधार आणि कार्डाची प्रत शिधावाटप कार्यालयात लागते. एका नावाचे महिन्याला १० किलो बुडतायत.

दुकानातून आणायचा महिना असा बसतो. डाळ-कडधान्य ६ किलो, म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम. सगळी तूर घेऊ नका. निम्मी तूर, बाकी मसूर, मटकी, हरभरा. साधारण ६०० रुपये. तेल ३ लिटर, सध्याच्या भावाने ४७०. शेंगदाणे १ किलो १२०. साखर आणि चहा १८०. दूध रोज अर्धा लिटर ६६०. भाजी दिवसाला ५० प्रमाणे १,५००. मीठ-मिरची-हळद २५०, साबण २५०. दळण १२०. सासूबाईंसाठी ज्वारी ५ किलो १७५. सिलिंडर ८०९. मधुमेहाचं औषध जनऔषधी केंद्रातून घेतलं तर ४००, मोबाइल २००. बेरीज जवळपास ५,७५०.

आता दिवस काढा. सगळे हप्ते, भाडं, भिशी भरत बसलात तर महिन्याला २०,५०० जातात, येतात ५,०००. १४,००० रुपये २७ दिवसांत संपतात आणि त्यानंतर चूलही उधारीवर. फक्त खाणं, औषध, भाडं आणि लाइट धरली तर जातात ११,१५०, आणि तेच पैसे ६८ दिवस पुरतात. हप्ते आणि भिशीचे ९,३५० रीतसर, लेखी थांबवता येतात का, एवढ्यावर सगळं अडलंय. त्यावर माहितगारांनी लिहावं.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. पैसे आटले की घरात पहिला वार डाळीवर होतो. ताटात भात तेवढाच राहतो, वरण पाण्यासारखं होतं. पोट भरल्यासारखं वाटतं आणि महिनाभरात पोरं किरकिरी, आजारी पडायला लागतात. बायका तर सगळ्यांत शेवटी जेवतात, त्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. भाजी ५० वरून ३० वर आणा, पण डाळ २०० ग्रॅमच्या खाली नको. मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधली की १ किलोची दोन-सव्वादोन किलो होते, शिजायलाही गॅस कमी लागतो. हरभरा आठ तास भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरात तीन डब्यांत लावले तर पाच माणसांत सिलिंडर चार-पाच दिवस जास्त जातो.

सासूबाईंना रेशनचा भात दोन्ही वेळा वाढू नका, साखर चढते. त्यांना भाकरी किंवा पोळी आणि डाळ, भात मुलांना. आणि गोळी अर्धी करून पुरवणं अजिबात नको. त्यात वाचलेल्या शंभर रुपयांपायी उद्या दवाखान्याचे हजार होतात.

शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ-कडधान्य शाळा बंद असली तरी घरी नेण्यासाठी वाटतात. मुलं आठवीपर्यंत आहेत, दोघांचंही विचारा.

पोचपावती

कर्जांचा क्रम मी सांगते. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असा क्रम लावायचा नाही. न भरल्यास घरातून काय जाईल, ते पाहून लावायचा. रिक्षा गेली तर निर्बंध उठल्यावर कमवायचं साधनच गेलं. म्हणून रिक्षाचं कर्ज वरती.

गेल्या वर्षी (२०२०) रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट सरसकट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. या वर्षी तशी सरसकट सवलत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप गेल्या वर्षीचे आहेत. या वेळी ५ मे २०२१ रोजी कर्जाच्या पुनर्रचनेची (हप्ते, मुदत बदलून देण्याची) योजना जाहीर झाली आहे: ३१ मार्च २०२१ ला खातं नियमित असलं पाहिजे, आधीची पुनर्रचना घेतलेली नसावी, आणि ३० सप्टेंबरच्या आत ती मागायची. कंपनीने अर्जावर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आहे. ही योजना बँका आणि फायनान्स कंपन्यांना लागू आहे. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांना हे परिपत्रक दाखवून उपयोग नाही. तिथे व्यवस्थापक आणि संचालकांकडेच अर्ज करावा लागतो.

अर्जात गोलगोल लिहू नका. ‘तीन महिने फक्त व्याज भरतो, मुद्दल पुढे ढकला, मुदत तेवढी वाढवा’ असं स्पष्ट मागा. १,६०,००० वर १४ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,८६७ होतं. ६,२०० ऐवजी १,८६७ गेले तर तोलकाटा यांच्या हिशेबाने १४,००० रुपये ५२ दिवस जातात. व्याजही न भरता तीन महिने ढकललेत तर सुमारे ५,६७० रुपये बाकीत चढतील आणि पुढे त्यांच्यावरही व्याज लागेल. कर्ज संपत आलं असेल, समजा ४०,००० उरले असतील, तर तीन महिन्यांचं व्याज जेमतेम १,४००. म्हणजे शेवटाकडे ढकलणं स्वस्त, सुरुवातीला महाग.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शाखा बंद असेल तर ईमेल करा. हप्ता गोळा करायला येणाऱ्या मुलाला तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही, आणि बिचाऱ्याच्या हातात अधिकारही नसतो. उत्तर येईपर्यंत खातं ९० दिवस थकू द्यायचं नाही. हप्त्यातले पैसे भरले की सगळ्यांत जुनी थकबाकी आधी फिटते, म्हणून अडल्यास दोन हप्ते तुंबल्यावर निदान एक भरा.

गेल्या वर्षी हप्ते ढकलले असतील तर खातेउतारा मागा. २३ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज कर्जदाराला परत मिळायचं आहे. या कर्जावर ते तीन-चारशे रुपयेच असतील, पण आठवडाभराची भाजी होते.

मायक्रोफायनान्सचा हप्ता एकटीने थांबवला की कंपनी गटातल्या बाकीच्या बायकांकडून वसूल करते आणि शेजारणी-शेजारणींत भांडणं लागतात. म्हणून आधी गट बसवा. किती जणींची कमाई बंद आहे ते एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि गटाचा म्हणून अर्ज द्या. वसुली ठरलेल्या केंद्रावरच व्हायला हवी. लागोपाठ दोन बैठकांना कर्जदार आलीच नाही, तरच माणूस घरी किंवा कामावर येऊ शकतो. म्हणून पैसे नसले तरी बैठक चुकवू नका. जा, नाही म्हणून सांगा, वहीत तसं लिहून घ्या. आणि जुना हप्ता फेडायला ‘टॉप-अप’ (जुन्यावर आणखी कर्ज) देतो म्हणाले तर घेऊ नका. हातात पडतात पाच-सहा हजार आणि हप्त्यांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सोनं. ११ ग्रॅम मंगळसूत्रातून काळे मणी आणि वाट्यांतली लाख वजा जाते; निव्वळ ९ ग्रॅम धरा. २२ कॅरेटचा भाव ४,४०० धरला तर ३९,६००, त्याच्या ७५ टक्के म्हणजे २९,७०० पर्यंत कर्ज मिळतं. तेवढं घेऊ नका. ऑगस्ट २०२० मध्ये भाव ऐन शिखरावर असताना बँकांना ९० टक्क्यांपर्यंत द्यायची मुभा मिळाली होती. ज्यांनी पूर्ण उचललं, त्यांना मार्चपर्यंत भाव उतरल्यावर ‘फरक भरा, नाहीतर लिलाव’ अशा नोटिसा आल्या. इथे १२,००० पुरे. बँकेत वर्षाला ९ टक्क्यांनी महिन्याला ९० रुपये व्याज. महिना २ टक्केवाल्याकडे २४०. वस्तीतला दहा टक्केवाला १,२०० घेईल. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन दोन्ही लिहून घ्या, दागिन्याचा फोटो काढून ठेवा.

परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महिना दहा टक्के घेणारा म्हणजे परवाना नसलेलाच. त्याला कोरा चेक किंवा कोऱ्या स्टँपपेपरवर सही देऊ नका. आधीच दिली असेल तर सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे सावकारी कायद्याखाली तक्रार करता येते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला तर हातही लावू नका. आठवड्याची मुदत, आधीच कापलेले पैसे, आणि फोनमधली सगळी नावं त्यांच्या हाती. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्येच सावध केलंय.

पागोळी

हे फार कामाचं आहे. दोन शंका. एक, रिक्षाचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो, तो अडवायचा कसा? दोन, निर्बंधांपायी सरकारने जाहीर केलेल्या मदतीचे १,५०० या घराला मिळतील का? शेजारच्या खोलीतला मुलगा अंबरनाथला कंपनीत कंत्राटी होता, पीएफ कापला जायचा. त्याचंही सांगाल का?

पोचपावती

खात्याचाच घोळ जास्त घरं बुडवतो, नीट वाचा.

हप्त्याची तारीख आणि मदतीचे पैसे एकाच खात्यावर असतील तर सरकारचे १,५०० जमा होताच हप्त्यात जातील, हातात काही येणार नाही. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर परत जातो, बँक वेगळा दंड लावते, कंपनी वेगळा. म्हणून अर्जातच लिहा की अमुक तारखेपासून खात्यावर हप्ता पाठवू नये, ठरलेलं व्याज रोख भरून पावती घेऊ. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी हे पोचलं पाहिजे.

मदत मात्र हप्ता नसलेल्या खात्यात यावी, उदाहरणार्थ ज्याची मदत त्याच्याच जनधन खात्यात. आता इथे एक गफलत हमखास होते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे अनुदान त्या खात्यात येईल असं नाही. ज्या बँकेत सगळ्यांत शेवटी आधार ‘सीडिंग’ (अनुदानासाठी खात्याशी जोडणी) झालंय, पैसे तिकडे जातात. मग लोक एका पासबुकावर एन्ट्री शोधतात आणि पैसे भलत्याच, कधीकाळी उघडलेल्या खात्यात पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते ओटीपी टाकून दिसतं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर जिवंत हवा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं तर ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही तर कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून यादीतले मोबाइलचे २०० रुपये तोडू नका. घरात दोन फोन असतील तर आधारवाल्या नंबरला आधी रिचार्ज.

१,५०० रुपये परमिटधारक रिक्षाचालकांना आहेत. या घरात परमिट स्वतःचं आहे, त्यामुळे बसतं. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणारा यात येत नाही, त्याला खोटी आशा दाखवू नये. परमिट, लायसन्स आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आत्ताच तपासा. घरकामगारांनाही १,५०० आहेत, पण घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणी चालू असेल तरच. बऱ्याच जणींनी एकदा नाव घातलं आणि नूतनीकरण केलंच नाही. कार्डावरची तारीख बघा. दोन्ही मिळून ३,००० येणार असले तरी आधी धरून चालू नका, जमा झाले की हिशेबात घ्या.

मे महिना आहे म्हणून आणखी एक. पासबुकात वर्षातून एकदा ३३० आणि १२ रुपये (२०२१ चे दर) कापलेले दिसतात का? ३३० म्हणजे जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख, त्यात कोरोनाही आला. १२ रुपयांचा आहे तो फक्त अपघाताचा. दोन्हींचे पैसे मेअखेर कापले जातात आणि त्या दिवसांत खात्यात ३४२ नसतील तर विमा ३१ मेला संपतो. नंतर पुन्हा घेतला तर पहिले ३० दिवस अपघाताशिवाय दावा मिळत नाही. खातं रिकामं ठेवताना हे ३४२ मात्र राहू द्या.

घरात कोणी आजारी पडलं तर महात्मा फुले योजनेत केशरी कार्डावर उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या माणसाला) भेटा. बिल झाल्यावर कार्ड दाखवलं तर पैसे परत काढणं महाकठीण.

शेजारच्या मुलासाठी: २०२१ च्या सवलतीत कोरोनाच्या कारणाने पीएफमधून परत न करायची आगाऊ रक्कम मिळते, फॉर्म ३१. शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, यातली जी कमी असेल ती. शिल्लक ८०,००० असेल तर ७५ टक्के होतात ६०,०००. मूळ पगार ९,००० असेल तर तीन महिन्यांचे २७,०००. मिळणार २७,०००. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक दोन कारणांनी: आधार आणि पीएफमधलं नाव वेगळं, किंवा बँकेचा आयएफएससी (शाखेचा कोड) बदललेला. आंध्रा, कॉर्पोरेशन, ओरिएंटल, युनायटेड, देना, विजया यांतलं खातं असेल तर नवा कोड आधी चढवा. ईएसआयही (कामगार विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज करा, जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात.

चौथरा

भाड्याचं आणि भिशीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

भाड्यासाठी एप्रिल २०२० मध्ये गृहनिर्माण विभागाने तीन महिने वसुली पुढे ढकला, कोणाला काढू नका असं पत्रक काढलं होतं. ती सूचना होती, भाडं माफ झालं नव्हतं, आणि त्यावर आज विसंबू नका. मालकाला टाळण्यापेक्षा जाऊन सांगा: दोन महिने २,५०० देतो, उरलेले ४,००० अनामतीतून वळते करा किंवा दिवाळीपर्यंत फेडतो. कागदावर दोघांची सही. थोडं का होईना दर महिन्याला दिलं तर मालक थांबतो. दोन महिने तोंडच चुकवलं तर कुलूप लावतो. २,५०० वर ठरलं तर वरच्या हिशेबातले ५२ दिवस सत्तरच्या जवळ जातात.

भिशी बंद पडते तेव्हा ज्यांनी अजून उचललेली नाही तेच बुडतात. दहा जणांची १,००० ची भिशी, चार जणांनी उचलली आणि आता बंद केली, तर बाकीच्या सहा जणांचे प्रत्येकी ४,००० अडकले. म्हणून सरळ बंद करू नका, सर्वानुमते तीन महिने थांबवा. या घराने उचलली नसेल तर पुढची पाळी यांना द्यायला सांगा, बहुतेक भिशीत अडीअडचणीला पाळी बदलतात. उचलली असेल तर मात्र १,००० ऐवजी ३०० तरी देत राहा. तिथे गेलेला शब्द वस्तीत पुन्हा मिळत नाही.

रिक्षा उभी असली तरी तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते आणि निर्बंध उठतील त्या दिवशी खर्च पुढ्यात. फिटनेस (वाहन चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि परमिटची मुदत संपली असेल तर ३० जून २०२१ पर्यंत वैध धरायचं ठरलंय. विमा त्यात नाही. तो संपलेला असताना रस्त्यावर काढू नका.

दहा घरांनी मिळून किराणा आणला तर तेलात आणि डाळीत खरा फरक पडतो. डाळीचा ३० किलोचा कट्टा आणि तेलाचा १५ किलोचा डबा. तेल वाटताना भांडणं होतात, कारण डबा किलोचा असतो आणि बाटल्या लिटरच्या. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर. बाटलीने वाटलं तर शेवटी दीड लिटर उरतं आणि ते कोणाचं यावर वाद. काट्यावर वाटा: आधी रिकामी बाटली तोला, मग घरटी दीड किलो. डबा उन्हात अर्धा तास पालथा ठेवला की तळाचं पाव किलोही निघतं, ते आधीच कोणाला द्यायचं ते ठरवून ठेवा.